लामदुआनचा हातगुण

नोंगसाय गावात कुणाला ताप चढला, कुणाची कंबर धरली, कुणाचं तान्हं उगाच किरकिरायला लागलं, की माणसं आधी लामदुआनच्या दुकानात यायची आणि मग विहारात. दवाखान्याचा नंबर तिसरा. अठ्ठावन्न वर्षांची बुटकी, ठसठशीत बाई. सकाळपासून गालात पान, आणि गावभर एकच कीर्ती, की हिच्या हाताला गुण आहे. हिनं नुसतं कोमट पाणी पाजलं तरी लागू पडतं, असं लोक म्हणायचे. लामदुआन ‘छे, काहीतरीच’ म्हणायची, आणि तेच पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून आणखी थोडा वेळ तिथेच रेंगाळायची. माणसाला कशाची ना कशाची हाव असतेच. कुणाला जमिनीची असते, कुणाला लॉटरीची. हिला देण्याची होती.

पहाटे भिक्षू रांगेनं आले की रस्त्याच्या कडेला पहिली चटई लामदुआनची. तिचा चिकट भात सगळ्यांत आधी शिजलेला असायचा, आणि गरम करंडीतून घास वळून पात्रात टाकताना तिचा चेहरा असा व्हायचा, की जणू भिक्षूच तिला काहीतरी देतायत. शेजारणी याची नक्कल करून हसायच्या. पण त्यांच्या पोरांना गोवर आला की त्याच हातांकडे यायच्या.

या हातांना सरकारनंही काम दिलं होतं. लामदुआन गावची आरोग्यसेविका होती. पगार नावापुरता, पण अंगात ठरलेला शर्ट आणि खांद्यावर पिशवी. पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या आणि कागदांचा गठ्ठा. महिन्यातून एकदा घरोघर फिरायचं आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे. प्रश्न वरून ठरवून आलेले, पण आमच्याच बोलीत लिहिलेले, म्हणजे बँकॉकची भाषा ऐकून म्हाताऱ्या बिचकू नयेत. आज धरून गेल्या दोन आठवड्यांत जीव उदास, जड, आशा सुटल्यासारखा झाला का? कशातच मन लागत नाही, कशाचीच गोडी वाटत नाही, असं झालं का? एकालाही ‘हो’ आलं, तर पुढे आणखी नऊ प्रश्न होते, आणि त्यातला नववा, जीव द्यावा असं मनात येतं का, हा.

“अक्का, पहिल्याला हो लिही,” शेजारचा म्हातारा दर महिन्याला म्हणायचा. “बायको अजून जिवंत आहे.”

“तिला मी आत्ताच विचारून आले,” लामदुआन म्हणायची. “तिनं दोन्हीला हो म्हटलं, आणि कारण म्हणून तुझं नाव सांगितलं.”

असं सगळं हसतखेळत चालायचं. आता तिच्या दुकानातल्या डब्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या डब्यातून निघालं.

दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. ‘या दुकानात पुडीतली मिश्र औषधं विकली जात नाहीत.’ हा कागद लामदुआननं स्वतःच्या हातानं चिकटवला होता, दवाखान्यातल्या बैठकीहून आल्यावर. आणि त्याच दाराच्या आत, फळीखाली, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात त्याच पुड्या होत्या. लहानशी प्लास्टिकची पिशवी, आत पाच-सहा रंगीत गोळ्या. कशाच्या आहेत ते देणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्याला ठाऊक नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एक माणूस पिकअप गाडीतून यायचा आणि डबा भरून जायचा. ऊसतोडीच्या दिवसांत अर्धं गाव या पुड्यांवर उभं असायचं. दवाखान्यात जायचं तर अख्खा दिवस बुडतो. पुडी घेतली की तासाभरात कोयता हातात. लामदुआनला यात पाप वाटत नव्हतं असं नाही. पण दारात कुणी कंबर धरून उभं राहिलं की तिच्यानं नाही म्हणवत नसे.

वानपेन तिच्या घरापासून चौथ्या घरात राहायची. वय एकेचाळीस. नवरा थोंगदाम कष्टाळू, जरा घुमा, पण दारू नाही, मारहाण नाही. मुलगी शहरात कारखान्यात कामाला. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वानपेन हळूहळू बोलेनाशी झाली. आधी बाजाराला जाणं सोडलं, मग अंघोळ, मग सकाळी चूल पेटवणं. काही घडलं नव्हतं. लोकांना नेमकं हेच पटत नव्हतं. दुःखाला कारण लागतं, नाहीतर ते करणी असतं, असा आमच्याकडचा हिशेब. लामदुआननं दारात उभं राहून दोन प्रश्न विचारले तेव्हा वानपेन भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिनं दोन्ही वेळा नुसती मान हलवली. लामदुआन त्या दिवशी पहिल्यांदाच प्रश्न विचारून खाली बसली. नववा प्रश्न तिनं वानपेनच्या पाठीवर हात ठेवून विचारला.

दुसऱ्या दिवशी तिनं वानपेनला आणि थोंगदामला दवाखान्यात नेलं. तिथली नर्स पिकुन. आमच्याकडे औषध देणारी नर्सही ‘मो’ आणि भूत उतरवणारा म्हाताराही ‘मो’, त्याचं दोघांनाही काही वाटत नाही. मो पिकुननं जिल्ह्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून गोळी आणवली.

“पण डोक्यात झालंय तरी काय?” थोंगदामनं विचारलं. “फोटो काढा ना एखादा.”

“फोटोत दिसत नाही, दादा.” पिकुन खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. “सकाळी भिक्षू येतात. आपण प्रत्येकाच्या पात्रात घास टाकतो. डोक्यात तसंच चालतं असं समजा. एक नस घास टाकते, समोरच्या नसेवर पात्रं मांडलेली असतात. घासाचं नाव सेरोटोनिन. पात्रं पण एका जातीची नाहीत. एकात पडलं की झोप लागते, एकात पडलं की भूक, एकात पडलं की जिवाला धीर. आता देणाऱ्या बाईला खोड असते, टाकलेला घास उचलून परत करंडीत घालायची. ही गोळी तिचा तो परतीचा हात धरून ठेवते.”

“म्हणजे संध्याकाळपर्यंत बरी होईल.”

“नाही. देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या दाराशी पण एक पात्र असतं, पहारेकऱ्याचं. घास वाढले की आधी ते भरतं, आणि पहारेकरी ओरडतो, पुरे, हात आवर. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे काही फरक दिसत नाही. उलट मळमळेल, घालमेल होईल. त्या पहारेकऱ्याला सवय झाली, तो गप्प बसला, की मग भात पुढे जातो. चार आठवडे धरा, कदाचित सहा. खरं सांगू का, याचा पुरता उलगडा मोठ्या डॉक्टरांनाही झालेला नाही. पण गोळी बऱ्याच जणांना लागू पडते, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय.” मग ती लामदुआनकडे वळली. “मावशी, रोज सकाळी तुमच्या हातानं द्या. पहिल्या आठवड्यांत हिला एकटी सोडू नका. आणि हिच्याबरोबर दुसरं कुठलंही औषध मला विचारल्याशिवाय नाही. भरलेल्या पात्रात दुसऱ्या बाजूनं आणखी कुणी ओतायला लागलं तर भात अंगावर येतो. माणूस जातो त्यात.”

लामदुआन सगळा वेळ मान डोलवत होती. पात्रांची गोष्ट तिला इतकी आवडली, की महिनाभर ती गावात ज्याला-त्याला सांगत राहिली. शेवटचं वाक्य मात्र तिच्या सांगण्यातून गळून पडलं.

रोज सकाळी भिक्षा घालून झाली की ती गोळी घेऊन वानपेनकडे जायची. तळहातावर गोळी ठेवायची, पाण्याचा पेला हातात द्यायची, गिळेपर्यंत समोर बसायची. दोन आठवडे वानपेन नुसती भिंत बघत राहिली. तिसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, “अक्का, पान आहे का?” पाचव्या आठवड्यात एका पहाटे लामदुआन चटईवर बसलेली असताना तिला चौथ्या घराच्या छपरातून भाताची वाफ निघताना दिसली. ती तिथेच रडायला लागली. भिक्षू पुढ्यात येऊन थांबले तरी तिला घास टाकायचं सुचेना.

गाव म्हणालं, लामदुआनचा हातगुण. लामदुआन म्हणाली, “छे, काहीतरीच.” गोळीचं नाव तिनं घेतलं नाही.

बरी झालेली बाई घरात बसून राहत नाही. ऊसतोड सुरू झाली होती आणि वानपेन थोंगदामबरोबर फडावर जाऊ लागली. त्या दिवसांत गावाभोवतीचे फड पेटवतात, पाला जळून गेला की तोडायला सोपं जातं. जळक्या पाल्याची काळी राख वाऱ्यावर उडत येते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाताच्या टोपल्यांवर, म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या केसांवर बसते. सूर्य तांबडा, आजारी दिसतो. चार महिने अंथरुणात काढलेल्या अंगाला मोळ्या उचलणं झेपेना. आठव्या दिवशी वानपेन कंबर धरून दुकानात आली.

“अक्का, एक पुडी दे.”

लामदुआनचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. अगदी थोडा वेळ थांबला, पण थांबला खरा. मो पिकुनचं बोलणं तिला आठवलं. मग तिनं मनाशी म्हटलं, ती गोळी डोक्याची, ही पुडी कंबरेची. डोकं कुठं, कंबर कुठं. आणि सगळं गाव घेतंय, एकट्या वानपेनलाच बरी नाही म्हणायचं? नवीन पुडीत एक हिरवी-पिवळी कॅप्सूल होती. गाडीवाला म्हणाला होता, हिनं पडलेला हत्ती उठून चालेल. तिनं पुडी दिली.

दुसऱ्या संध्याकाळी वानपेन पुन्हा आली. “पूर्वी एका पुडीत उतरायचं गं. आता काहीच होत नाही.”

“अंग नाजूक झालंय तुझं. दोन घे.”

तिसऱ्या दिवशी तिनं तीन नेल्या. सकाळची गोळी चालूच होती, लामदुआनच्याच हातून. उजव्या हातानं सकाळी एक, डाव्या हातानं संध्याकाळी दुसरं. चौथ्या सकाळी वानपेनचे हात पेला धरताना थरथरत होते आणि ती उगाच हसत होती. रात्रभर पोट चाललं, म्हणाली. लामदुआनला ते हसू आवडलं नाही. तिनं तरीही गोळी तळहातावर ठेवली, आणि दिवसभर दुकानात तिचं कशात लक्ष लागेना.

दुपारी उन्हं कलत असताना शेजारीण रस्त्यावरून पळत आली. “अक्का, वानपेनला पोबनं धरलंय. मो सिंगकामला बोलावलंय.”

पोब म्हणजे माणसात राहणारं भूत. एखाद्याच्या अंगात ते वर्षानुवर्षं गुपचूप राहतं, आणि भूक लागली की तिथून निघून दुसऱ्याच्या पोटात शिरतं आणि आतून काळीज, आतडी खातं. खाल्लं गेलेलं माणूस मरतं. आणि ज्याच्या अंगातून ते आलं त्याचं नाव एकदा कळलं, की त्याला गावात जागा राहत नाही. लामदुआनच्या लहानपणी एका सुईणीला असंच घालवलं होतं. तिचं घर पुढे कुणी विकतही घेतलं नाही, ते वाळवीनं खाल्लं.

थोंगदामच्या घरात वीस-पंचवीस माणसं दाटली होती. खिडक्या लावलेल्या, भुताला बाहेरचा वारा मिळू नये म्हणून. मधोमध वानपेन. तिच्यावर तीन गोधड्या, कारण पोबला उकाडा सोसत नाही म्हणतात. कडेला निखाऱ्यांची शेगडी. सिंगकाम म्हातारा उशाशी मंत्र म्हणत होता, मांडीवर वेताची छडी. माणूस वाईट नव्हता. छडी तो जमिनीवर आपटायचा, अंगावर क्वचित. पण गोधड्या मात्र निघू देत नव्हता.

लामदुआन गर्दीतून पुढे सरकली. वानपेनचं तोंड घामानं चिंब झालं होतं, दात घट्ट आवळलेले. डोळ्यांतलं काळं एवढं मोठं झालं होतं की बाकी काही दिसत नव्हतं. गोधडीखाली पाय ताठ होऊन घोटे आपोआप उडत होते, थांबतच नव्हते. लामदुआननं कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. भात अंगावर येतो, माणूस जातो त्यात. मो पिकुनचं ते वाक्य तिला आत्ता शब्दन् शब्द ऐकू आलं.

“बोल,” सिंगकामनं छडी आपटली. “कोण आहेस तू? कुणाच्या हातून आलास?”

वानपेनचे ओठ हलले. सगळे पुढे वाकले.

“अक्का,” ती म्हणाली. “लामदुआन अक्का. दोन्ही… अक्कानंच दिलं.”

एकेक मान लामदुआनकडे वळली. तिच्याजवळ बसलेली बाई आपलं लुगडं आवरून थोडी सरकली.

सिंगकाम हसला, बोळक्या तोंडानं, समजुतीनं. “पोब लबाड असतो. गावातलं सगळ्यात चांगलं माणूस बघून त्याचं नाव घेतो, म्हणजे आपण भांडत बसावं. लामदुआन, तू मनाला लावून घेऊ नकोस. तू बाहेर जाऊन बस.”

दार उघडं होतं. तिनं बाहेर जाऊन बसायचं होतं, एवढंच. कुणी पुन्हा विचारलं नसतं. संध्याकाळपर्यंत वानपेन गेली असती, पोबनं खाल्ली म्हणून सात दिवसांत सगळं आटोपलं असतं. डबा रिकामा करायला ओढा जवळच होता. शर्ट, पिशवी, पहिली चटई, हातगुण, सगळं होतं तसं राहिलं असतं. लामदुआन उठली. दोन पावलं दाराकडे गेलीसुद्धा. हे तिनंच पुढे कबूल केलं, कुणी न विचारता.

मग ती वळली. “ती खोटं बोलत नाहीये,” ती म्हणाली. “तिच्या पोटात आहे ते माझ्याच हातचं आहे. मीच खाल्लीय तिला.”

शेवटचं वाक्य कशाला बोलली कोण जाणे. जीव तुटला होता, तोंडातून निघून गेलं. पण पंचवीस जणांनी ते ऐकलं.

“काय बोलतेस, अक्का?” थोंगदाम उभा राहिला.

“पुड्या दिल्या मी. सहा पुड्या. मोनं नको सांगितलं होतं, तरी दिल्या. गोधड्या काढ. खिडक्या उघड. हा पोब नाही, औषध आहे. गाडी आण, नाहीतर ही आज मरते.” तिनं स्वतःच गोधड्या ओढल्या. सिंगकामनं छडी आडवी धरली होती. ती छडी लामदुआनच्या हातावर बसली की लामदुआननंच छडीवर हात मारला, ते कुणाला सांगता आलं नाही. तिनं छडी बाजूला केली. म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग मुकाट्यानं सरकला.

उसाच्या गाडीत मोळ्यांच्या जागी वानपेनला निजवली. वाटभर लामदुआन तिच्या अंगावर ओलं फडकं फिरवत होती आणि निघताना दुकानातून उचललेला तो पत्र्याचा डबा तिच्या मांडीवर होता. मो पिकुन दवाखान्याच्या दारातच भेटली. तिनं डबा उघडला, हिरवी-पिवळी कॅप्सूल चिमटीत धरली, आणि तिचा चेहरा उतरला.

“ही पण भातच ओतते, मावशी. दुसऱ्या बाजूनं. आणि सकाळची गोळी चालू असली की ही कंबरेला नीट लागू पडत नाही. म्हणून ती आणखी मागत राहिली आणि तुम्ही देत राहिलात.” तिनं जिल्ह्याच्या दवाखान्याला फोन लावला. गाडी पुढे रवाना करताना एवढंच म्हणाली, “आणखी दोन तास गप्प बसला असतात, तर मला काही करता आलं नसतं.”

वानपेन वाचली. तीन दिवसांनी ताप उतरला, पाचव्या दिवशी ती घरी आली. दोन्ही औषधं बंद झाली, आणि पुढे डॉक्टरांनी नवी गोळी तपासून, जपून सुरू केली. लामदुआनचा शर्ट आणि पिशवी गेली, दंड झाला. इथपर्यंत तिनं सगळं धरलंच होतं.

तिनं न धरलेलं ते पुढे सुरू झालं. औषधाची गोष्ट गावात कुणाच्या लक्षात राहिली नाही. लक्षात राहिलं ते पोबनं घेतलेलं नाव आणि तिनं भर घरात दिलेली कबुली. “पोब स्वतःच्या तोंडानं बोलला,” बायका म्हणायच्या. “मीच खाल्लीय म्हणाला.” मो पिकुन समजवायला आली, तिचं ऐकून सगळ्यांनी माना हलवल्या. सिंगकाम म्हातारा दारोदार जाऊन म्हणाला, मला त्या दिवशी भूत दिसलं नव्हतं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याची नजर गेली.

मग हातगुणाचा हिशेब उलटा सुरू झाला. अमक्याची आई हिनं पाणी पाजल्यावर गेली होती. तमकीचं बाळ हिच्या मांडीवरच निळं पडलं होतं. चाळीस वर्षांत गावात जेवढी मरणं झाली, तेवढी तिच्या हाती सापडली. ज्यांना तिनं बरं केलं होतं ते सगळ्यांत लांबून जायला लागले. पोबला अडवायला दारांवर तांबडे धागे बांधले गेले. एका पहाटे ती भिक्षा घालायला आली, तर बाकीच्या चटया रस्त्याच्या पलीकडे, तीस पावलं दूर पसरलेल्या होत्या. भिक्षूंनी तिचा घास घेतला, त्यांना नाही म्हणता येत नाही. पण तो घास विहारातल्या कुत्र्यांना जातो, हे तिला दुसऱ्या दिवशी मुद्दाम ऐकवलं गेलं. त्यानंतर ती चटई घेऊन आली नाही.

दुकानाची फळी बंद. छपरातून वाफ निघेनाशी झाली. शेजारचा म्हातारा एकदा कुंपणापलीकडून म्हणाला, “अक्का, जेवलीस का?” तेवढ्यात त्याच्या बायकोनं त्याला आत ओढलं. येत्या पौर्णिमेला गावसभा ठरली. पोब ठरलेल्यांना ठेवून घेणारं एक विहार दोन जिल्ह्यांपलीकडे आहे, तिथं हिला पोचवायचं की कसं, एवढाच विषय होता. काहीजण म्हणत होते, सभेपर्यंत थांबायची वेळच येणार नाही. असं म्हणताना ते आवाज खाली आणायचे. लामदुआन बंद दाराआड भिंतीकडे तोंड करून निजलेली असायची. तिला सगळं ऐकू जात होतं, आणि तिला ते खोटंही वाटत नव्हतं.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी, सकाळी नऊच्या सुमाराला, गावात आरोग्याची फेरी निघाली. सुटलेली पिशवी घ्यायला कुणी तयार नव्हतं, शेवटी मो पिकुनकडून ती वानपेननं मागून घेतली होती. शर्ट तिला ढगळा होत होता. थोंगदाम रस्त्यापर्यंत मागोमाग आला.

“सगळी घरं कर,” तो म्हणाला. “ते एक सोड.”

“यादीत आहे ते.”

“तिनं तुला मारलं असतं.”

“हो,” वानपेन म्हणाली. “आणि भिंतीकडे तोंड करून निजले होते तेव्हा पाच आठवडे रोज कोण आलं होतं, तू?” थोंगदाम पुढे आला नाही. पण तो परतही गेला नाही. त्याला बघून आणखी चौघे-पाचजण रस्त्यावर थांबले, हातातले कोयते तसेच.

वानपेननं दार ढकललं. आत ओलसर, शिळा वास होता. लामदुआन उठून बसली, पण जवळ आली नाही, दोन्ही हात मागे लपवून कोपऱ्यात सरकली. गालाची हाडं वर आली होती.

“जा पोरी. तुला बघतायत सगळे.”

वानपेन उंबऱ्यावर बसली. तिनं गठ्ठ्यातून कागद काढला आणि पाठ नसल्यामुळे अडखळत वाचलं. “आज धरून गेल्या दोन आठवड्यांत… जीव उदास, जड, आशा सुटल्यासारखा झाला का?”

लामदुआनला हे शब्द झोपेतही म्हणता आले असते. हजारो वेळा तिनं ते विचारले होते. तिला कुणीच कधी विचारले नव्हते. आतापर्यंत कोरडे असलेले डोळे भरून आले.

“हो,” ती म्हणाली.

“कशातच मन लागत नाही…”

“हो. तेही हो.”

वानपेननं कागद उलटला. एकेक प्रश्न विचारला, एकेक आकडा लिहिला. नववा प्रश्न तिनं वर बघून, कागदाशिवाय विचारला, कारण तो तिला पाठ होता. लामदुआननं मान हलवली, होकारार्थी, एकदाच.

“कधीचं ठरवलंयस?”

“पौर्णिमेच्या आत.”

वानपेननं तेही लिहिलं. “तर मग आज मोकडे जायचं, आत्ता. मी घेऊन जाते. आणि आल्यावर तुझ्याकडेच निजणार मी, चार आठवडे, कदाचित सहा. पहारेकरी गप्प बसेपर्यंत. तूच सांगत होतीस ना गावभर.” तिनं कागद पिशवीत घातला, पण उठली नाही. “निघायच्या आधी खायला दे काहीतरी. सकाळपासून उपाशी फिरतेय.”

“माझ्या हातचं?”

“मग काय थोंगदामच्या?”

करंडीत कालचा गार भात होता. लामदुआननं मागे लपवलेले हात पुढे आणले. घास वळताना दोनदा सुटला. वानपेन उंबऱ्यावरून उठली आणि तो घास घेऊन बाहेर अंगणात आली, जिथून रस्ता दिसतो. थोंगदाम तिथेच उभा होता, आणि कोयतेवाले, आणि कुंपणाशी शेजारीण. हवेतून काळी राख उतरत होती. वानपेननं त्यांच्याकडे बघत घास तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला.

एक कोयतेवाला खाली बघून चालू लागला, बाकीचे तिथेच थांबले. वानपेननं मागे हात केला.

“अजून दे, अक्का,” ती म्हणाली. लामदुआन उंबऱ्याबाहेर आली आणि तिनं दुसरा घास वळायला घेतला.